सात वर्षांचा करार: जुन्या हॉलीवूडचे तारे कुणाच्या मालकीचे होते?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती, त्यांना तो सिंह आठवत असेल. दिवसभर कार्टून नेटवर्क चालायचं. ‘टॉम अँड जेरी’ सुरू होण्याआधी गोलातला सिंह डरकाळी फोडायचा. ठरलेली वेळ झाली की कार्टून बंद, त्याच चॅनेलचं नाव बदलून टीएनटी व्हायचं आणि हॉलीवूडचे जुने सिनेमे सुरू व्हायचे. बरेचसे काळे-पांढरे, आणि कितीतरी सिनेमांच्या आधी पुन्हा तोच सिंह. भावंडं उठून खेळायला जायची, मी मात्र बसून राहायचे. इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं. पण इन्ग्रिड बर्गमनच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो, हे पाहायला भाषा लागत नव्हती.

तेव्हापासून हे सिनेमे माझ्या आयुष्यात आहेत. आता पुन्हा त्यांची चर्चा सुरू झाली आहे, कारण ते बनवणाऱ्या कंपन्या एकामागून एक विकल्या जात आहेत. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स घेतलं, २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने एमजीएम घेतलं, २०२५ मध्ये पॅरामाउंट स्कायडान्स या कंपनीकडे गेलं. या बातम्यांत ‘स्टुडिओ’ हा शब्द सारखा येतो आणि माझ्या ओळखीचे लोक विचारतात, स्टुडिओ म्हणजे शूटिंगची जागा ना? ती विकली गेली तर एवढं काय बिघडलं?

जुन्या हॉलीवूडमध्ये स्टुडिओ म्हणजे नुसती जागा नव्हती. स्टुडिओ म्हणजे मालक. त्याच्या मालकीत कॅमेरे होते, थिएटरं होती, आणि पडद्यावर दिसणारी माणसंही होती. हे कळल्यावर माझी सिनेमे पाहण्याची नजरच बदलली.

ऊसही त्यांचा, कारखानाही त्यांचा, दुकानही त्यांचं

साधारण १९३० ते १९५० या काळात हॉलीवूडवर आठ कंपन्यांचं राज्य होतं. त्यातल्या पाच मोठ्या: एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ. युनिव्हर्सल, कोलंबिया आणि युनायटेड आर्टिस्ट्स या तीन लहान. मोठ्या पाचांची खरी ताकद अशी की सिनेमा बनवणं, तो गावोगाव पोचवणं आणि तो दाखवणं ही तिन्ही कामं त्यांच्याच हातात होती. एकाच माणसाचा ऊस, त्याचाच साखर कारखाना आणि बाजारातलं साखरेचं दुकानही त्याचंच, असं समजा. अमेरिकेतली सगळी थिएटरं त्यांची नव्हती, पण मोठ्या शहरांतली, जिथे नवा सिनेमा सगळ्यात आधी लागायचा अशी भारी थिएटरं बहुतांशी त्यांचीच.

बाकीच्या थिएटरवाल्यांना ते सिनेमे कसे विकायचे? क्लार्क गेबलचा एक सिनेमा हवा असेल तर त्याच्याबरोबर दहा फालतू सिनेमे घ्यायचे. आपल्याकडे गॅसच्या कनेक्शनबरोबर शेगडी गळ्यात मारायचे, तसंच. शिवाय त्यातले बरेच सिनेमे अजून बनलेलेही नसायचे. कोकणात मोहोर पाहून कलमं विकत घेतात. इथे तर मोहोर धरण्याआधीच सौदा व्हायचा.

विक्री आधीच पक्की, म्हणून माल सतत लागायचा. भरात असताना एमजीएम आठवड्याला जवळजवळ एक सिनेमा काढत होतं. एवढा माल काढायचा तर माणसं कायमची हवीत, रोज सकाळी कामावर येणारी. लेखक, शिंपी, सुतार, संगीतकार, संकलक आणि नट.

आपल्याला हे परकं वाटायला नको. पुण्यातल्या प्रभातमध्ये आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये नट महिन्याच्या पगारावरच होते. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा शांता आपटे प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. दुर्गा खोटे मात्र १९३० च्या दशकातच एकाच कंपनीला बांधून न घेता कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असं सगळीकडे काम करत राहिल्या. हॉलीवूडमध्ये त्याच सुमाराला हीच भांडणं चालली होती, फक्त तिथला करार जास्त करकचून बांधलेला होता.

करारात नेमकं काय असायचं?

करार साधारण सात वर्षांचा. पण सात वर्षांची बांधिलकी एकट्या नटाची. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने स्टुडिओ ठरवायचा की ठेवायचं की काढायचं. घरमालक भाडेकरूला केव्हाही बाहेर काढू शकतो, भाडेकरूला मात्र सात वर्षं घर सोडता येत नाही, असा हा भाडेकरार होता.

त्यात नाव बदलायचा अधिकार असायचा. लूसिल लसूअरचं नाव एका मासिकाने वाचकांची स्पर्धा घेऊन ठरवलं: जोन क्रॉफर्ड. ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच पॅरामाउंटमध्ये कॅरी ग्रँट झाला. मार्गारिटा कान्सिनोचं रीटा हेवर्थ करताना तर कपाळावरचे केस विजेच्या सुईने एकेक करून मुळापासून काढले, म्हणजे कपाळ रुंद दिसेल आणि चेहऱ्यातला स्पॅनिशपणा कमी होईल. जूडी गार्लंड तेरा वर्षांची असताना एमजीएममध्ये आली. तिचं खाणं मोजलं जायचं, वजनासाठी आणि झोपेसाठी गोळ्या मिळायच्या. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये ती गाते तेव्हा मला आता फक्त आनंद होत नाही. त्या पोरीला कुणीतरी पोटभर जेवू घालावं असं वाटतं.

भूमिका कोणती करायची हे नटाने ठरवायचं नाही. नाही म्हटलं तर निलंबन. म्हणजे घरी बसा, पगार बंद, दुसरीकडे काम करायची बंदी. आणि खरी मेख पुढे: घरी बसलेले आठवडे कराराच्या शेवटी जोडले जायचे. सहा महिने निलंबित झालात की सात वर्षांची साडेसात झाली. जो जास्त वेळा ‘नाही’ म्हणेल, तो जास्त वर्षं अडकेल.

मग एका कंपनीचा नट दुसऱ्या कंपनीच्या सिनेमात कसा दिसायचा? उसना दिलेला असायचा. बैलजोडी भाड्याने द्यावी तशी. भाडं मालकाला, बैलांना नेहमीचाच चारा. क्लार्क गेबल एमजीएमचा. त्याला कोलंबियाला १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’साठी दिलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. नंतर ‘गॉन विथ द विंड’साठी निर्माता डेव्हिड सेल्झनिकला तोच गेबल हवा होता. एमजीएमने गेबल दिला, निम्मा खर्चही दिला, आणि बदल्यात सिनेमाचं वितरण आणि निम्मा नफा घेतला. एमजीएमचा प्रमुख लुई बी. मेयर हा सेल्झनिकचा सासरा होता. सौदा म्हणजे सौदा, तिथे जावई नाही.

पण पैसे तर भरपूर मिळत होते ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मंदीच्या काळात अमेरिकेत लोक सूपसाठी रांगा लावत होते तेव्हा ही माणसं आठवड्याला हजार-दोन हजार डॉलर घेत होती. त्यांच्यासाठी अश्रू कशाला गाळायचे?

१९३६ मध्ये लंडनच्या कोर्टात नेमकं हेच विचारलं गेलं. बेट डेव्हिस तेव्हा वॉर्नरकडे होती. ऑस्कर मिळाल्यावरही सुमार भूमिका येत राहिल्या, म्हणून ती इंग्लंडला जाऊन तिथे सिनेमा करायला निघाली. वॉर्नरने तिथेच खटला भरला. स्टुडिओच्या वकिलाने तिच्या पगाराचा आकडा पुढे केला आणि तिला हट्टी पोरीत काढलं. ती हरली, आणि मुकाट्याने परत आली.

माझं मत सांगते. बेट डेव्हिसचं भांडण पगारासाठी कमी आणि कामासाठी जास्त होतं. चांगल्या स्वयंपाकिणीला भरपूर पगार देऊन रोज फक्त पापड भाजायला बसवलं तर ती काय म्हणेल? डेव्हिस दिसायला रूढ अर्थाने सुंदर नव्हती आणि तिला ते माहीत होतं. तिच्याकडे ते डोळे होते, आणि नायिकेचा वाईटपणा लपवायचा नाही अशी हिंमत होती. ती खटला हरल्यावर वॉर्नरनेही शहाणपण दाखवलं आणि तिला बऱ्या भूमिका दिल्या. ‘जेझबेल’साठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. जिंकलेल्या मालकालाही कळलं होतं की बाई म्हणत होती ते खरं आहे.

एका अभिनेत्रीने दिनदर्शिका कोर्टात नेली

जे डेव्हिसला जमलं नाही ते त्याच वॉर्नरमधल्या ऑलिव्हिया डी हॅविलंडने करून दाखवलं. हा या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

ऑलिव्हिया म्हणजे एरल फ्लिनच्या तलवारबाजीच्या सिनेमांतली गोड नायिका. खिडकीत उभं राहायचं, काळजी करायची, शेवटी मिठी मारायची. ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी तिला हवी होती, पण जॅक वॉर्नर तिला उसनं द्यायला तयार नव्हता. तिने काय केलं? त्याच्या बायकोला चहाला भेटली आणि तिच्याकरवी होकार मिळवला. मेलनीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. वॉर्नरमध्ये परतल्यावर पुन्हा तीच खिडकी. मग ती भूमिका नाकारू लागली, निलंबित होऊ लागली.

१९४३ मध्ये तिची सात वर्षं संपली. स्टुडिओने सांगितलं, निलंबनाचे साधारण पंचवीस आठवडे अजून बाकी आहेत. तिचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाचा कामगार कायदा काढला. त्यात होतं की कुणालाही सात वर्षांपेक्षा जास्त काळ नोकरीच्या कराराने बांधून ठेवता येणार नाही. प्रश्न एवढाच की सात वर्षं मोजायची कशी? स्टुडिओचं म्हणणं, प्रत्यक्ष काम केलेली सात वर्षं. तिचं म्हणणं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची सात वर्षं. आज करार केला तर सात वर्षांनी याच तारखेला तो संपला. मधे मी काम केलं, घरी बसले, आजारी पडले, काहीही असो.

ऐकायला किती साधं वाटतं! पण हे म्हणण्यासाठी तिला जवळजवळ दोन वर्षं पडद्याबाहेर राहावं लागलं. जॅक वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं पाठवली की हिला काम देऊ नका. ती त्या काळात युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना भेटायला इस्पितळांत जात राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला: दिनदर्शिका खरी. पुढच्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराला नकार दिला आणि प्रकरण मिटलं.

त्या नियमाला आजही लोक डी हॅविलंड कायदा म्हणतात. २००८ मध्ये ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या रॉक बँडवर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने तीन कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा बँडने याच नियमाचा आधार घेतला.

सिनेमे तर चांगले झाले, मग ही पद्धत वाईट कशी?

हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्यात तथ्य आहे.

‘कॅसाब्लांका’ घ्या. १९४२, वॉर्नर. नियमित उत्पादनातला एक सिनेमा. हम्फ्री बोगार्ट पगारी. इन्ग्रिड बर्गमन सेल्झनिककडून उसनी. पियानो वाजवणारा डूली विल्सन पॅरामाउंटकडून उसना. पटकथा शूटिंग चालू असतानाच लिहिली जात होती. आपली नायिका शेवटी कुणाबरोबर जाणार हे बर्गमनला बराच काळ माहीत नव्हतं. आणि तरी तो सिनेमा असा घट्ट विणलेला आहे, कारण प्रत्येक कामाला वर्षानुवर्षं तेच काम करणारा माणूस होता. दिग्दर्शक मायकल कर्टीझ, संगीतकार मॅक्स स्टायनर, रोज त्याच आवारात येणारे. हात बसलेला होता.

पण त्यातलं मला सगळ्यात जास्त हलवणारं दृश्य कुठल्याही स्टारचं नाही. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणत असतात. त्यांना दाबून फ्रेंच राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळा कॅफे उठून उभा राहतो. कॅमेरा एका तरुण मुलीच्या चेहऱ्यावर जातो, गालांवरून पाणी वाहत असतं, ती ओरडून गात असते. ती मादलेन लबो. नाझी पॅरिसला येताना ती खरोखर नवऱ्याबरोबर फ्रान्समधून पळून आली होती. त्या कॅफेतले कितीतरी चेहरे असेच युरोपातून जीव घेऊन आलेल्यांचे होते. ते अश्रू स्टुडिओच्या कुठल्याच खात्यात तयार झाले नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला आरकेओने आधी मोकळीक दिली, त्यातून १९४१ चा ‘सिटिझन केन’ आला. पुढचा सिनेमा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’. वेल्स ब्राझीलमध्ये असताना स्टुडिओने त्यातली चाळीसहून अधिक मिनिटं कापली, शेवट बदलला आणि कापलेली फिल्म नष्ट केली. म्हणून कुणी म्हणालं की स्टुडिओच्या शिस्तीमुळे सिनेमे चांगले झाले, की मी त्यांना ती गेलेली चाळीस मिनिटं दाखवते. म्हणजे दाखवता येत नाहीत, हाच मुद्दा आहे. चांगले सिनेमे कसबी माणसं कायम एकत्र राहिल्यामुळे झाले. त्यासाठी माणसाला सात वर्षं कुलपात ठेवायची गरज नव्हती.

मुंबईत जन्मलेली आणि जन्मगाव लपवणारी

मालकी चेहऱ्याची असली की चेहऱ्याचा रंगही मालकच ठरवतो. १९३० मध्ये हॉलीवूडने स्वतःसाठी एक नियमावली केली, १९३४ पासून ती कडक झाली. तिला हेज कोड म्हणतात. काय दाखवायचं नाही याची ती यादी होती. त्यात गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायलाही बंदी होती, आणि तिचा धाक आशियाई नटांपर्यंत पोचायचा.

लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची अभिनेत्री. चीनमधल्या शेतकऱ्यांवरच्या ‘द गुड अर्थ’मध्ये नायिका तिने करावी असं अनेकांना वाटत होतं. पण नायक होता पॉल मूनी, गोरा नट, चिनी मेकअप करून. मग त्याची बायकोही गोरीच हवी. भूमिका लुईझ रायनरला मिळाली, तिला ऑस्करही मिळालं. हॅटी मॅकडॅनियलला ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलंच. त्या रात्री तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

आणि मर्ल ओबेरॉन. १९३५ च्या सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं. १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’मधली लॉरेन्स ऑलिव्हिएसमोरची नायिका कॅथी तीच. जगाला सांगितलं गेलं की ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मली आणि कागदपत्रं आगीत जळाली. ती जन्मली होती १९११ मध्ये आपल्या मुंबईत, अँग्लो-इंडियन घरात, आणि वाढली कलकत्त्यात. हे गुपित तिला आयुष्यभर जपावं लागलं. १९७८ मध्ये टास्मानियाच्या होबार्ट शहराने आपली लेक म्हणून तिचा सत्कार केला, तेव्हाही. पुढच्याच वर्षी ती गेली, आणि खरी गोष्ट त्यानंतर छापून आली. २०२३ मध्ये अभिनेत्री मिशेल यो हिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा ‘पहिली आशियाई’ म्हणायचं की ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ यावर जगभर चर्चा झाली, ती मर्लमुळे.

मी तिचे सिनेमे पाहते तेव्हा ती बोलताना फार जपून बोलते असं मला वाटतं. प्रत्येक शब्द पारखून. कदाचित हे मला आता माहीत आहे म्हणून वाटत असेल. पण जिला मुंबईचं नाव तोंडातून निसटू द्यायचं नव्हतं, तिच्यासाठी कॅमेरा बंद झाल्यावरही अभिनय संपत नव्हता.

जुना अभिनय नाटकी वाटतो, त्याचं काय?

काही सिनेमांत आहेच. बोलपट नवे होते, नट रंगभूमीवरून आले होते, आणि स्टुडिओतले शिक्षक त्यांना अर्धे ब्रिटिश, अर्धे अमेरिकन असे घोटवलेले उच्चार शिकवायचे. संगीत नाटकांची सवय असलेला कान आपल्याकडे आहे, त्याला हे फार खटकू नये.

पण एकदा कॅरी ग्रँट नीट पाहा. लोक त्याला देखणा म्हणून सोडून देतात, याचा मला राग येतो. तो लहानपणी कसरती करणाऱ्या मंडळीत होता. पडणं, अडखळणं, दारातून वळणं, सगळं त्याच्या अंगात होतं, आणि ते न केल्यासारखं करायचं कसबही होतं. १९३६ च्या शेवटी पॅरामाउंटचा करार संपल्यावर त्याने तशा बेडीत पुन्हा पाय घातला नाही. कोलंबिया आणि आरकेओशी करार केले, पण कुणा एकाचाच म्हणून नाही. त्याचे उत्तमोत्तम सिनेमे त्यानंतरचे आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. अभिनयाचं ऑस्कर त्याला एकदाही मिळालं नाही. १९७० मध्ये मानद देऊन भरपाई केली.

हिचकॉकच्या ‘नटोरियस’मध्ये ग्रँट आणि बर्गमनचा एक प्रसंग आहे. कोडप्रमाणे लांबलेलं चुंबन चालायचं नाही. म्हणून दोघं छोटी छोटी चुंबनं घेत राहतात आणि मधे बोलतात. रात्री कोंबडी करू, हातानेच खाऊ. गच्चीतून आत येतात, तो फोन लावतो, ती त्याच्या खांद्याला चिकटलेलीच. अडीच मिनिटं कॅमेरा त्यांना सोडत नाही. जेवणाच्या गप्पांत इतकं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही, आणि ते सुचलं एका जाचक नियमाला वळसा घालताना. म्हणून मी त्या नियमाचे आभार मानणार नाही. श्रेय हिचकॉकचं आणि त्या दोघांचं.

हे सगळं संपलं कसं?

मे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली आणि गठ्ठ्याने सिनेमे विकणंही बंद झालं. हक्काची दुकानंच गेली. त्यात १९४६ नंतर प्रेक्षक कमी होऊ लागले होते आणि घराघरांत टीव्ही येत होता. दर आठवड्याला सिनेमा काढायची गरज उरली नाही, मग शेकडो पगार तरी कशाला?

१९५० मध्ये जेम्स स्ट्युअर्टने ‘विंचेस्टर ७३’साठी ठरलेल्या मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला. त्याचा एजंट लू वासरमनने हा सौदा जुळवला आणि स्ट्युअर्टला त्यातून भरपूर मिळालं. पगारी माणूस भागीदार झाला. आज आपले मोठे नट नफ्यातला हिस्सा मागतात, त्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल.

ऑलिव्हिया डी हॅविलंड २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये १०४ व्या वर्षी वारली. त्यानंतर बारा दिवसांनी, ७ ऑगस्टला, अमेरिकन कोर्टाने १९४८ च्या निकालातून आलेली ती बंधनं उठवली. काळ बदलला, आता गरज नाही, असं कारण होतं. पण सिनेमा बनवणारी, पोचवणारी आणि घरबसल्या दाखवणारी कंपनी आज पुन्हा एकच असू शकते. ऊस, कारखाना आणि दुकान. २०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की संगणकाने आमच्या चेहऱ्याची प्रत करायची असेल तर आमची संमती आणि आमचे पैसे. नाव बदललं, केशरेषा बदलली, आता थेट चेहऱ्याचीच नक्कल. मला या मागणीत ऑलिव्हियाची दिनदर्शिका दिसते.

आणि तो सिंह?

लहानपणीच्या चॅनेलचं कोडं राहिलं. तो सिंह म्हणजे एमजीएमचं बोधचिन्ह. १९८६ मध्ये अमेरिकेतला टीव्ही उद्योजक टेड टर्नर याने एमजीएम विकत घेतलं. कर्ज झेपेना, म्हणून काही महिन्यांतच बाकी सगळं विकून टाकलं, पण जुन्या सिनेमांचा साठा ठेवून घेतला. त्या साठ्यात एमजीएमचे सिनेमे होते, १९५० आधीचे वॉर्नरचे सिनेमे होते आणि ‘टॉम अँड जेरी’सुद्धा होतं. त्याच्यावर त्याने चॅनेलं काढली. म्हणजे आमच्या घरी दिवसाचं मांजर-उंदीर आणि रात्रीची बर्गमन एकाच पेटाऱ्यातून येत होती. टर्नरची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये गेली, पेटाराही गेला. म्हणून एमजीएम अ‍ॅमेझॉनचं झालं तरी ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ त्यांच्याकडे आलेलं नाही.

त्या पेटाऱ्यात नसलेला एक सिनेमा मला फार उशिरा सापडला: ‘द एअरेस’, १९४९, पॅरामाउंट, दिग्दर्शक विल्यम वायलर. कुणी मला विचारलं की जुनं हॉलीवूड कुठून सुरू करू, तर मी याचं नाव सांगते. खटला जिंकल्यानंतर ऑलिव्हियाने केलेला, तिला दुसरं ऑस्कर मिळवून देणारा. श्रीमंत बापाची बुजरी मुलगी. प्रियकर पळवून न्यायला येणार म्हणून ती रात्रभर सामान बांधून वाट पाहते आणि तो येत नाही. ती बॅग उचलून जिना चढते. वायलरला तो थकवा पुरेसा दिसेना, म्हणून त्याने रिकाम्या बॅगेत जड पुस्तकं भरायला लावली असं सांगतात. पडद्यावर पाहा, तिचा एक खांदा खाली ओढला गेलेला आहे आणि कठड्यावरचा हात प्रत्येक पायरीला जोर लावतो.

सिनेमा संपतो तेव्हा ती पुन्हा त्याच जिन्यावर असते. या वेळी हातात दिवा आहे, बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय, आणि ती पाठ ताठ ठेवून वर चालली आहे.